सुरीला लागलेले लोखंड

दिनांक २५ नोव्हेंबर २०२३, शनिवार. या दिवशी सकाळी अकरा वाजता धामणदरा येथील समाजमंदिरात भरलेल्या विशेष ग्रामसभेने गावच्या राईतून सहा मीटर रुंदीचा रस्ता काढण्यास ना-हरकत देणारा ठराव बहुमताने मंजूर केला. ठरावात कारण नमूद केले आहे ते शब्दशः असे : ‘राईत लोखंड नेऊ नये ही पूर्वापार रूढी खुद्द देवीच्या मानकऱ्याच्या हातून मोडली गेली असल्याने ती आजमितीस अस्तित्वात नाही.’ मी लेखी हरकत घेतली. ती दोन पानांची होती, तिच्या दोन प्रती मी नेल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीवरही मला पोच मिळाली नाही. इतिवृत्तात माझे नाव उपस्थितांच्या यादीत आहे. हरकतीचा उल्लेख नाही. इतिवृत्तात जे नाही ते निदान कोठेतरी असावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

ठरावात ज्यांना ‘मानकरी’ म्हटले आहे त्यांचे नाव त्यात घालण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. ते मी घालतो. त्यांचे नाव हौशीराम कोंडाजी. वय एकाहत्तर. गाव त्यांना आबा म्हणते. दगडाची सुरी घडवणारा माणूस आमच्या गावात तेवढा एकच उरला आहे, आणि तोही आता घडवत नाही.

टाकवे बुद्रुक मागे टाकून आंदर मावळात वर चढत गेले की डांबरी सडक जेथे संपते ते धामणदरा. गावाच्या पाठीशी चाळीसेक एकरांची राई आहे. हिरडा, अंजन, जांभूळ, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल. राईच्या तोंडाशी एक उभा दगड आहे. त्याला शिवेचा दगड म्हणतात. त्या दगडाच्या आत लोखंड जात नाही. कोयता, विळा, कुऱ्हाड यांची गोष्ट सोडाच. बायका पदराची पिन काढून दगडापाशी ठेवतात, पुरुष कमरेचे पट्टे काढतात आणि एका हाताने विजार धरून देवीपुढे उभे राहतात. मोबाईल आले तेव्हा त्यांत लोखंड असते की नसते यावर गावात दोन महिने वाद चालला. अखेर आबांनी निकाल दिला, “आत वाजला तर देवीनं उचलायचा का कुणी? भायेर ठिवा.” गावातला निवृत्ती मोटारसायकलवरून पडला आणि त्याच्या मांडीत डॉक्टरांनी सळई बसवली. तेव्हापासून अकरा वर्षे तो शिवेच्या दगडाशी उभा राहून लांबूनच हात जोडतो. त्याला कोणी अडवले नाही. तो स्वतःच थांबला.

लोखंड आत शिरले तर काय होते, याचे उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. लोखंड शिरले की देवी उठते. उठते म्हणजे जागा सोडून जाते. मागे राहतो तो दगड आणि झाडे. मी इतिहास शिकवतो, आणि अशा समजुतींचे स्पष्टीकरण कसे करावे याचे शिक्षण मला मिळालेले आहे. परंतु मावळातल्या आसपासच्या चार गावांच्या राया माझ्या डोळ्यांदेखत सरपणात गेल्या आणि आमची उभी राहिली, ती वनशास्त्रामुळे नव्हे. आत कुऱ्हाड नेता येत नाही, म्हणून ती उभी राहिली.

आता सुरीविषयी. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी राईत जाण्याची वाट मोकळी करायची असते. पावसाळ्यात वाढलेले वेल कापायचे, आणि देवीच्या ठाण्यामागे जो वाफाभर भात असतो त्याची पहिली पेंढी कापून देवीपुढे ठेवायची. हे लोखंडाशिवाय करायचे, म्हणून गारगोटीची सुरी. ती दरवर्षी नवी घडवतात. घटस्थापनेला सुरुवात, खंडेनवमीला पूर्ण. काम झाले की ती शिवेच्या दगडावर आपटून फोडायची आणि तुकडे तेथेच टाकायचे. त्या दगडाच्या बुडाशी पांढऱ्या, पिवळट, मधाच्या रंगाच्या कपच्यांचा ढीग आहे. किती वर्षांचा, हे मला ठाऊक नाही. मी एकदा हातभर खोल उकरून पाहिले. खालीही कपच्याच होत्या.

सुरी घडवताना आबांना पाहणे हा माझ्या बालपणापासूनचा सोहळा होता. काळ्या कातळाच्या पोटात गारगोटीचे गड्डे असतात. ओढ्याच्या काठी ते सुटून पडतात. आबा गड्डा तळहातावर तोलत, दुसऱ्या दगडाने टिचकी मारल्यासारखा हलका ठोका देत आणि कान जवळ नेत. खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर फेकायचा. मग तो चुलीखालच्या राखेत चार दिवस पुरून ठेवायचा. मंद ऊब मिळाली की दगडाचा हट्ट जातो, असे ते म्हणत. नंतर मांडीवर कातड्याचा तुकडा टाकून नदीतल्या गोट्याने घाव घालायचे. एक लांब, पातळ कपची सुटेपर्यंत दोन-तीन गड्डे वाया जात. मिळालेल्या कपचीची कड बोकडाच्या शिंगाच्या टोकाने दाबून दाबून दातेरी करायची. दाबावे तसे बारीक तुकडे नखाएवढे उडत. शेवटी धामणीच्या लाकडाची मूठ चिरून तीत पाते बसवायचे, राळ, मेण आणि कोळशाची पूड एकत्र तापवून भरायची, आणि वरून घायपाताच्या वाखाने आवळून बांधायचे. एवढ्या सगळ्यात लोखंडाचा स्पर्श कोठेही नाही. मूठसुद्धा दगडानेच तासलेली असे.

आणि हा माणूस आयुष्यभर लोखंडात होता. हौशीराम आबा रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळांवरून चालायचे, सैल झालेली चावी ठोकून बसवायची, रुळावर हातोडा वाजवून आवाजावरून तडा ओळखायचा. घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंतचा कोणता ना कोणता तुकडा त्यांनी तीस वर्षे चालून काढला. घटस्थापनेला ते रजा टाकत. पहिल्या दिवशी राखेने कोपरापर्यंत हात घासत आणि मग नऊ दिवस विळीलाही शिवत नसत. वरच्या साहेबाने एकदा विचारले होते की दरवर्षी याच दिवसांत कोण आजारी पडते. आबांनी सांगितले होते, “आजारी कुनी न्हाई सायेब, हात धुवायचे हायेत.” साहेबाने रजा दिली होती. त्या काळी असे साहेब होते.

त्यांना देवमाणूस ठरवण्याचा माझा हेतू नाही. आबा हेकट होते, आणि आपल्या हाताचा त्यांना भारी गर्व होता. शेजारच्या वाडीतल्या कोणी सुरी करायला शिकवा म्हटले तर म्हणत, “तुजा हात म्हंजे मुसळ. गड्डा रडंल.” स्वतःला मुलगा नाही, पुतण्याला गोडी नाही, परंतु हातातले कसब दुसऱ्याच्या हाती देण्याची घाईही त्यांना कधी नव्हती. गेली तीन वर्षे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांच्या पत्नी शालूबाई रोज टोकत, “अवो, आप्रेशन करा. परवा चहात मिठाचा डबा उपडा केलात.” आबा म्हणत, “खारट चहा तू केलास. माज्या हातालाच डोळं हायेत.” या एका वाक्याने पुढचा सारा अनर्थ झाला, असे मला आज वाटते.

राईच्या पलीकडे पठार आहे. तेथून दोन धरणांचे पाणी दिसते. ते पठार एका पर्यटन कंपनीने तंबूंच्या नव्या शिबिरासाठी घेतले. लोणावळ्याजवळ या कंपनीचे एक शिबिरस्थळ आधीपासून आहे, आणि तेथे शनिवार-रविवारी ‘आदिमानवाचे जीवन’ नावाचा कार्यक्रम होतो. पाहुणे तंबूत राहतात, काटक्या घासून विस्तव करण्याचा प्रयत्न करतात, तो पेटला नाही की लायटरने पेटवतात, आणि दगडाची सुरी घडवणारा माणूस पाहतात. हा माणूस म्हणजे आबा. त्यांना तेथे नेले विक्कीने. विक्की आमच्याच गावचा, तिशीचा, बोलण्यात चलाख. कंपनीत तो कार्यक्रमांची व्यवस्था पाहतो.

आबा तेथे का गेले, हे मी त्यांना सरळ विचारले होते. निवृत्तिवेतन होते, घरचा भात होता. अडचण काही नव्हती.

ते म्हणाले, “मास्तर, इतकी वर्सं सुरी केली. गावानं कवा म्हनलं का, आबा, झ्याक झाली? देवीची म्हनून नेली, फोडली, मोकळं. तितं पंचवीस मान्सं टाळ्या वाजवत्यात. कपची उडाली की वा म्हनत्यात. एक बाई तर रडली.”

“रडली कशाला?”

“तिला कपची लागली,” शालूबाई आतून म्हणाल्या.

मला तेव्हा हसू आले होते. गावाने त्यांना कधी एक शब्द दिला नाही, आणि त्या गावात मीही होतो.

शिबिरात एका बैठकीत दहा-बारा सुऱ्या लागत. प्रत्येक पाहुण्याला एक घरी न्यायची असे. बोकडाचे शिंग इतक्या कामाने झिजते, त्याचे टोक सारखे दगडावर घासून काढावे लागते. विक्कीने त्यावर उपाय आणला. पुण्याहून त्याने एक हत्यार मागवले. मूठ शिंगाची, तशीच वळणदार, तशीच काळपट. फक्त टोकात बोटाच्या पेराएवढा खिळा बसवलेला. पाहुण्यांना लांबून शिंगच दिसावे, आणि काम चौपट व्हावे. आबांनी ते वापरले. शिबिरातल्या सुऱ्या देवीच्या नव्हत्या. त्यांना लोखंड लागले तर कोणाचे काही जात नव्हते. त्यांनी ते हत्यार स्वतःच्या शिंगांबरोबर एकाच कातडी पिशवीत ठेवले. गावातल्या कोणत्याही म्हातारीने, जिने आयुष्यभर पिन काढून दगडाशी ठेवली, तिने ही चूक केली नसती. ती आबांनी केली, कारण त्यांना खात्री होती की आपला हात शिंग ओळखतो.

२०२३ च्या नवरात्रात ते नेहमीप्रमाणे राखेने हात घासून बसले. शिबिरात जाणे नऊ दिवस बंद. गड्डा चांगला मिळाला होता, दुधासारखा पांढरा. आठव्या माळेपर्यंत पाते तयार झाले आणि कडेचे काम उरले. त्या दिवसांत पठारावर कंपनीचे काम सुरू झालेले होते. मागच्या बाजूने, दोन डोंगरांना वळसा घालून यंत्रे वर चढवली होती, आणि कातळ फोडणारा ब्रेकर सकाळपासून चालत होता. त्याचा आवाज आबांच्या ओट्यावर असा येई की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावे लागे.

पुढे आबांनीच मला सांगितले, “शिंगानं दाबलं का कपची मऊ सुटती, पान तुटल्यावानी. खिळ्यानं चर्र करती. मला ठावं हाय. पर त्या दिवशी मला काय आयकाय आलंच न्हाई. डोळं न्हवतं, कान गेला. हातावर इस्वास ठिवला.”

पाते पूर्ण झाले. खंडेनवमीला मूठ बसली.

२९ ऑक्टोबर, रविवार. कोजागरीचा दुसरा दिवस. सुमारे दीडशे माणसे शिवेच्या दगडापाशी जमली होती. पट्टे, पिना, किल्ल्या, मोबाईल यांचा ढीग पडला. निवृत्ती नेहमीच्या जागी उभा राहिला. आबा पुढे झाले, वेल कापले, वाट मोकळी केली. ठाण्यामागच्या वाफ्यातली पहिली पेंढी कापून देवीपुढे ठेवली. सारे यथासांग झाले. मग सगळे परत शिवेवर आले आणि आबांनी सुरी फोडण्यासाठी हात उचलला.

शालूबाई ताट घेऊन त्यांच्या डाव्या हाताला होत्या. उन्हात पाते चमकले आणि त्या पुटपुटल्या, “अवो, थांबा. कडेला काय वडलंय त्ये?”

आबा थांबले. त्यांनी पाते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. मग गर्दीतून मला शोधले आणि म्हणाले, “मास्तर, तुमी बगा. तुमचं डोळं बरं हायेत.”

मी पाहिले. पांढऱ्या गारगोटीवर, कडेच्या दातांशी, शिसपेन्सिलीने ओढाव्यात तशा चार-पाच करड्या रेघा होत्या. गारगोटी लोखंडापेक्षा कठीण; लोखंडाने तिला दाबले की लोखंडच झिजते आणि त्याची रेघ दगडावर राहते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आबांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. माझ्या मागे सरपंच आदिनाथ उभे होते आणि त्यांच्या शेजारी विक्की.

मी म्हणालो, “काही नाही, आबा. राख आहे. फोडा.”

आबांनी अंगठा जिभेला लावला आणि रेघेवर घासला. पुन्हा लावला, पुन्हा घासला. अंगठा उन्हात धरून पाहिला. तो स्वच्छ होता.

“राख पुसती, मास्तर,” ते म्हणाले. “ही पुसत न्हाई.”

दगडावर सुरी आपटायला एक क्षण लागला असता. त्यानंतर त्या ढिगातून तो तुकडा ब्रह्मदेवालाही सापडला नसता. मी तसे डोळ्यांनी सुचवले. शालूबाईंनी त्यांचे मनगट धरून खाली ओढले. आबांनी मनगट सोडवून घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “सुरीला लोखंड लागलंय. माज्या हातनं लागलंय. आत नेली ती लोखंड लागलेली नेली.”

मग निवृत्तीच्या चुलतीने विचारले, “म्हंजे आता?” त्याचे उत्तर सर्वांना पाठ होते. बायका आपापल्या पिना उचलून चालू लागल्या. त्या दिवशी सुरी फोडली गेली नाही. आबा ती हातात घेऊन घरी गेले.

दोषशांतीचा मार्ग मी सुचवला. पुन्हा नऊ दिवस बसावे, नवी सुरी करावी, देवीची क्षमा मागावी. गावातली पाच-सहा वयस्क माणसे याला अनुकूल होती. अनुकूल नव्हते ते आबा. “उठलेल्या देवीला सुरी दावून बसवता येती व्हय?” एवढेच ते म्हणत. त्यांची श्रद्धा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होती, आणि ती खोडून काढण्याचे कोणतेही साधन माझ्या शिक्षणाने मला दिलेले नाही.

चार आठवड्यांनी ग्रामसभा झाली. कार्यसूचीवर एकच विषय होता. त्या रस्त्याने पठाराचे अकरा किलोमीटर वाचतात, हे आदिनाथ यांनी सांगितले. काही तरुणांना पठारावर कामे मिळतील, हे विक्कीने सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. मग आदिनाथ म्हणाले, “रूढी आमी मोडली का? कुनी म्हनावं पंचायतीनं मोडली. देवीच्या मान्सानंच मोडली, आनि त्यानं भर गर्दीत कबूल केलंय.”

मी उठलो. ते खिळ्याचे हत्यार कोणी आणून दिले, असे विचारले.

“मी दिलं,” विक्की म्हणाला. त्याने लपवले नाही. “पन सर, देवीच्या सुरीला वापरा असं म्हनालो का मी? आबा, तुमीच सांगा. म्हनालो का?”

“न्हाई म्हनाला,” आबा बसल्या जागेवरून म्हणाले.

ही सारी योजना होती असा आरोप मला करता आला असता तर हा लेख लिहिणे सोपे गेले असते. मी पुरावा शोधला. पुरावा नाही. विक्कीला शिबिरात शिंगाचे टोक झिजल्याची अडचण दिसली आणि त्याने ती सोडवली, इतकेच घडले. कंपनीला आधीपासून रस्ता हवा होता. वाट आपसूक मोकळी झाली.

मतदान खऱ्या अर्थाने फिरवले ते निवृत्तीने. तो काठी टेकत उभा राहिला. “अकरा वर्सं,” तो म्हणाला, “अकरा वर्सं मी भायेर उबा ऱ्हायलो. माज्या पोरीच्या लग्नाचा नारळ दुसऱ्याच्या हातानं आत धाडला. का, तर माज्या मांडीत वीतभर सळई. आनि हे आत लोखंड घेऊन गेले. आता मला कोन म्हनंल, निवृत्ती, लांब उबा ऱ्हा?” सभेत एकाही माणसाला त्याच्याकडे पाहवेना. आबा त्याच्याकडे पाहत होते; मला वाटते, त्यांना तो नुसता धूसर आकार दिसत असावा.

आदिनाथ यांनी मग शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो फार सौम्यपणे विचारला. “आबा, तुमी वडीलधारं. तुमीच सांगा. देवी हाय का उठली?”

मी त्यांच्या शेजारीच होतो. मी हळूच म्हणालो, “आबा, ठाऊक नाही म्हणा. ते खोटे नाही. कोणालाच ठाऊक नसते.”

माझे शब्द त्यांना ऐकू गेले, एवढे निश्चित. कारण त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग ते सभेला म्हणाले, “उठली आसंल.”

हात वर झाले. मोजण्याची गरज पडली नाही.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र आले. शिवेचा दगड त्याने फोडला नाही, उपटून बाजूला ढकलला. कपच्यांचा ढीग मात्र मुरुमाबरोबर पसरून त्यावरून रोलर फिरवला. पहिल्या टप्प्यात एकोणीस झाडे गेली. हिरड्याच्या एका बुंध्यात गारंबीचा वेल असा रुतलेला होता की झाड पडतानाही तो सुटला नाही. वीस फुटांवरचे दुसरे झाड त्याने सोबत ओढले. मग कंपनीची कसलीशी परवानगी अडकली आणि काम थांबले. ठाण्यापासून रस्ता आज शंभर-सव्वाशे पावलांवर आहे.

आबांनी त्याच महिन्यात तळेगावातल्या नेत्रशिबिरात डोळ्यांचे ऑपरेशन करून घेतले. दोन्ही डोळे उत्तम झाले. शालूबाई म्हणतात की पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा कातडी पिशवी मागितली, त्यातले प्रत्येक शिंग उजेडात धरून पाहिले, खिळ्याचे तेवढे वेगळे काढले आणि बाकीची परत भरून ठेवली. लोणावळ्याला ते पुन्हा गेले नाहीत. विक्की दोनदा बोलवायला आला. हे येथे नोंदवले पाहिजे की दुसऱ्यांदा तो रडत परत गेला. आबांनी त्याला दोष दिला नाही. त्यांनी त्याला विचारले होते, “आता टाळ्या कशाला वाजिवतील रं?”

मी गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. ते ओट्यावर बसले होते. राईचा जो कोपरा त्यांच्या ओट्यावरून दिसत असे तेथे आता लाल मातीचा उभा काप दिसतो. मी म्हटले, आबा, ठाण्याभोवतीची झाडे अजून आहेत. नवी सुरी करा, गावापुढे ठेवा, ठराव फिरवण्याचा मी प्रयत्न करतो. त्यांनी त्या लाल कापाकडे पाहिले. मग म्हणाले, “मास्तर, सुरी मी करीन. आजबी करीन. पर ती फोडायची कुटं?”

शिवेचा दगड आता रस्त्याच्या गटाराशी आडवा पडला आहे. परतताना मी त्याच्यापाशी थांबलो. गटारातल्या मुरुमात नखाएवढ्या पांढऱ्या कपच्या मिसळल्या होत्या. त्यांतल्या कोणत्या आबांच्या वडिलांच्या, कोंडाजींच्या, आणि कोणत्या हौशीरामांच्या, हे सांगता येणार नाही.

मला आज एवढेच म्हणायचे आहे. देवी उठली की नाही हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, आबांना नाही आणि मलाही नाही. परंतु झाडे उभी आहेत की नाहीत हे कोणालाही दिसते, आणि एका म्हाताऱ्याच्या खरेपणाचा उपयोग त्यांना पाडण्यासाठी करावा ही गोष्ट मी मान्य करणार नाही. त्यांनी सुरी गुपचूप फोडली असती तर राई वाचली असती. आमचे गाव असे झाले आहे, की तेथे तेवढ्यावर राई वाचते वा पडते.

पुढील ग्रामसभा २६ जानेवारी २०२४ रोजी सकाळी साडेनऊ वाजता, झेंडावंदनानंतर, त्याच समाजमंदिरात आहे. ठराव रद्द करण्याची मागणी मी सात दिवस आधी लेखी देणार आहे आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलणार नाही. धामणदऱ्याच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे आणि जे आज पिंपरी, तळेगाव, पुणे, मुंबई येथे राहतात, त्या प्रत्येकाने त्या दिवशी यावे आणि ठरावाविरुद्ध हात वर करावा. ज्यांचे नाव त्या यादीत नाही त्यांनी पठारावरच्या त्या तंबूंत राहायला जाऊ नये. नोंदणी केली असेल तर आजच रद्द करावी.